श्लागिंटवाइट : हे आडनाव आलं कुठून आणि आज उरलंय कुठे?

कड्याकपारी
मंडळी, नैनसिंग रावतांवर काही वाचत बसलो होतो. तिबेट पायांनी मोजणारे ते पंडित. त्यांना आणि त्यांचे भाऊबंद मानीसिंग यांना मोजणीच्या कामात पहिल्यांदा ओढलं ते दोन-तीन जर्मन भावांनी. आडनाव श्लागिंटवाइट. हेरमान, अडोल्फ आणि रॉबर्ट. जर्मन निसर्गशास्त्रज्ञ अलेक्झांडर फॉन हुम्बोल्टच्या शिफारशीवरून ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा अभ्यास करायला बोलावलं. १८५४ च्या ऑक्टोबरात ते मुंबईला उतरले आणि दख्खनमधून मद्रासकडे गेले. पुढे हिमालय, काराकोरम, कुनलुन. १८५५ साली अडोल्फ आणि रॉबर्ट गढवालच्या कामेट शिखराशेजारच्या अबी गामिनवर सुमारे ६,७८५ मीटरपर्यंत चढले. त्या काळात इतक्या उंचीवर गेल्याची नोंद कुणाच्याच नावावर नव्हती.

पराक्रम बाजूला ठेवू, माझं डोकं आडनावावर अडकलंय. म्यूलर, श्मिट, वेबर ही नावं कानावरून गेलेली असतात. हे कधीच ऐकलं नव्हतं. अर्थ काय, मूळ कुठलं आणि आज जर्मनीत हे आडनाव लावणारे आहेत का? जर्मनीतल्या आणि जर्मन जाणणाऱ्या मंडळींनी प्रकाश टाकावा.

तिरपागडा
नावातच 'वाईट' आहे. चांगलं कसं होणार?

मी_आपला_असाच
वाचतोय. खुर्ची धरून ठेवली आहे.

इसारकाठची
म्युनिकहून लिहिते आहे. उच्चार 'श्लाग-इंट-वाइट' असा तोडून करा, म्हणजे अर्ध काम झालं. 'श्लाग' म्हणजे मार, हाण. 'वाइट' म्हणजे लांब, दूरचं. मधला 'इंट' हा इथल्या, म्हणजे दक्षिण जर्मनीतल्या बव्हेरियन बोलीचा प्रताप. प्रमाण जर्मनमध्ये 'इन दी वाइटं', पण बव्हेरियात 'दी' नुसता 'द' होऊन पुढच्या शब्दाला चिकटतो आणि लिहिताना त्याचा 'ट' झाला. तर पूर्ण नाव झालं 'हाण लांबवर'!

जर्मनमध्ये अशा आडनावांचा वेगळा गट मानतात. त्यांना वाक्यनावं म्हणू या. आख्खं आज्ञार्थी वाक्यच आडनाव होऊन बसलेलं असतं. हासेनफ्लूग म्हणजे 'नांगराचा राग कर', शेतीचा कंटाळा असलेल्या माणसाला गावाने ठेवलेलं नाव. (ग्रिम बंधूंना गोष्टी सांगणाऱ्या बहिणी याच आडनावाच्या.) ब्लाइबट्रॉय म्हणजे 'एकनिष्ठ राहा'. श्लुकेबीअर म्हणजे 'बीअर ढोस'. थुडिखुम म्हणजे 'जरा हातपाय हलव'. मध्ययुगीन कवी पेटर झुखेनविर्ट, म्हणजे 'खानावळवाला शोध'. इंग्रजीतला शेक्सपिअर, म्हणजे 'भाला हलव', हाही याच जातकुळीतला.

तिरपागडा
श्लुकेबीअर हे आडनाव मला बदलून मिळेल का? कागदपत्रं तयार आहेत.

सरोजताई
अग इसारकाठची, किती छान सांगितलंस! आपल्याकडेही आहेत की अशी. वाघमारे, घोडमारे, डोईफोडे, पोटफोडे, मानकापे. माझ्या शाळेत एका वर्गात डोईफोडे आणि गोडबोले शेजारी बसायचे आणि वर्गात सगळ्यात गरीब मुलगा डोईफोडेच होता.

बखरबहाद्दर
सरोजताई, साम्य आहे पण पुरतं नाही. वाघमारे म्हणजे वाघ मारणारा, कर्त्याचं वर्णन. जर्मन नाव हुकूम देतं. 'मार वाघ' असं आडनाव असतं तर जोडी जमली असती.

मला मुळात ही व्युत्पत्तीच सरळ गिळवत नाही. 'श्लाग'चा आणखी एक अर्थ आहे : जंगल तोडून मोकळी केलेली जमीन. बव्हेरियाच्या पूर्वेला आणि त्याला लागून ऑस्ट्रियात '-श्लाग' शेवट असलेली गावं ढिगाने आहेत. किर्शश्लाग घ्या, हाइनरिशश्लाग घ्या. बाराव्या-तेराव्या शतकात रान तोडून वसवलेल्या वाड्या. मग 'लांबवरच्या तोडीतला माणूस' असा साधा राहण्याच्या जागेचा अर्थ का नको? हाणामारीच कशाला?

इसारकाठची
बखरबहाद्दर, मुद्दा चांगला आहे, आणि भूगोलही तुमच्या बाजूचा दिसतो, कारण या घराण्याचं मूळ गाव रेगन. ते बव्हेरियन फॉरेस्ट या डोंगराळ जंगलपट्टीतच येतं. तिघा भावांचे वडील योसेफ श्लागिंटवाइट १७९१ साली तिथे जन्मले. पुढे म्युनिकला येऊन डोळ्यांचे नावाजलेले सर्जन झाले आणि स्वतःचं नेत्ररुग्णालय काढलं.

पण तरी मी वाक्यनावालाच मत देईन. कारण याचं सख्खं भावंड आहे : श्लागिनहाउफेन. 'हाण घोळक्यात'! बांधणी तीच, क्रियापद तेच, फक्त मार कुठे द्यायचा ते बदललं. तिथे जंगलतोडीचा अर्थ लावताच येत नाही. शिवाय जागेवरून आलेलं नाव असतं तर शेवटी '-अर' यायला हवा होता. श्लागर, किर्शश्लागर असं काहीतरी.

कड्याकपारी
'-अर' म्हणजे आपला '-कर'?

इसारकाठची
अगदी तोच. ब्यूल म्हणजे टेकाड, त्यावर राहणारा ब्यूलर. एल्फिन्स्टन कॉलेजात संस्कृत शिकवायला आलेले गेऑर्ग ब्यूलर आपल्याकडे जन्मले असते तर टेकडीकर झाले असते. किसिंगन गावचा तो किसिंगर. हेन्री किसिंजर यांच्या पूर्वजांपैकी मायर ल्योब यांनी १८१७ साली हे आडनाव घेतलं. ज्यूंना कायमची आडनावं घ्यायला लावणारे कायदे तेव्हा जर्मन राज्यांत एकामागून एक येत होते.

बखरबहाद्दर
किसिंगनवरून आठवलं. हिंदुस्थानात न आलेला श्लागिंटवाइट, एडुआर्ड, बव्हेरियन सैन्यात अधिकारी होता आणि १८६६ च्या प्रशियाविरुद्धच्या युद्धात त्याच किसिंगनच्या लढाईत पडला. आणखी एक भाऊ एमिल. तोही इकडे कधी आला नाही, पण भावांनी आणलेल्या पोथ्या-वस्तूंवरून तिबेटी बौद्ध धर्मावर १८६३ साली इंग्रजीत ग्रंथ लिहून बसला.

श्लागिनहाउफेनवर मात्र तुमचं म्हणणं मान्य करायला मी अजून तयार नाही. दोन नावं एकसारखी दिसतात म्हणून एकाच कारखान्यातली असतात असं नाही. लोक अपरिचित नावाला ओळखीच्या साच्यात कोंबतात आणि चर्चमधला कारकून ते तसंच टिपतो.

पाटीवाला
धाग्याचा विषय जर्मन आडनाव. चालू काय आहे? जंगलतोड. पुढच्या पानावर बिबट्याचा वावर.

आकडेमोड्या
मूळ राहू द्या, मला प्रश्नाच्या दुसऱ्या भागात रस आहे. आज उरलंय कुठे?

जर्मनीत सुमारे साडेआठ लाख वेगवेगळी आडनावं आहेत. वर बसलेलं म्यूलर, शंभरात जवळपास एक माणूस. खाली प्रचंड लांब शेपूट : घराण्या-दोन घराण्यांपुरती उरलेली नावं. आडनावांचे नकाशे बनवणाऱ्यांचा आवडता कच्चा माल म्हणजे टेलिफोन डिरेक्टरी. जर्मन आडनावांचा जो मोठा नकाशासंग्रह निघाला तो २००५ च्या लँडलाइन जोडण्यांवर बेतलेला आहे. एका जोडणीमागे घरात पावणेतीनच्या आसपास माणसं धरून लोकसंख्येचा अंदाज बांधतात. २००५ च का? त्यानंतर लोक मोबाइलकडे वळले आणि डिरेक्टरी पोकळ होत गेली. आडनावांच्या अभ्यासकांसाठी ती शेवटची भरलेली विहीर.

म्यूलर टाकलं की आख्खा देश रंगतो. श्लागिंटवाइट टाकलं की रंग बव्हेरियात, बाकी पांढरं, एखाद-दुसरा ठिपका सोडून. विरळ आडनावाचं हे नेहमीचं चित्र आहे. नाव एका खेड्यात, बहुधा एका माणसापासून सुरू झालं आणि जिथे रुजलं तिथून फार लांब गेलंच नाही.

तिरपागडा
म्हणजे 'हाण लांबवर' म्हणणारे स्वतः लांबवर गेलेच नाहीत. तिघे सोडून.

आकडेमोड्या
:-) त्या तिघांतलाही एक परत आला नाही.

पण खरी गंमत पुढे आहे. विरळ आडनावं मरतात कशी, यावर गणित आहे. १८७३ मध्ये फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज संशोधकाने हा प्रश्न जाहीर टाकला : मोठमोठ्या घराण्यांची नावं नाहीशी का होतात? लोक म्हणायचे, बड्या लोकांची प्रजननशक्ती आटते. गाल्टनला शंका होती की हा निव्वळ योगायोगाचा खेळ असावा. हेन्री वॉटसन नावाच्या गणिती पाद्र्याने उत्तर मांडलं आणि १८७४ मध्ये दोघांचा लेख आला.

उदाहरण घ्या. आडनाव फक्त मुलग्यांकडून पुढे जातं. समजा दर पुरुषाला मुलगा न होण्याची शक्यता पाव, एक होण्याची पाव, दोन होण्याची अर्धी. सरासरी सव्वा मुलगा, म्हणजे वंश वाढताच. तरीही एका माणसापासून सुरू झालेलं नाव कधी ना कधी बुडण्याची शक्यता भरते निम्मी! पाया एका माणसाचा असेल तर पहिल्या दोन-तीन पिढ्यांतच निकाल लागतो. सरासरी एक किंवा त्याहून कमी झाली की मग बुडणं नक्कीच, फक्त वेळेचा प्रश्न. वॉटसनने तर वाढत्या वंशाचंही नाव बुडणारच असा निष्कर्ष काढला होता. तो चुकीचा ठरला, पण पिढ्यांच्या या गणिती प्रक्रियेला 'गाल्टन-वॉटसन' असं नाव दोघांचंच राहिलं आणि पुढे तिचा उपयोग अणुभट्टीतल्या साखळी प्रक्रियेसाठीही झाला.

सरोजताई
म्हणजे आमच्या सासूबाई 'नाव चालवायला मुलगा हवा' म्हणायच्या ते गणित होतं तर! मला दोन मुली आहेत. दोघींनी लग्नानंतर माहेरचं आडनाव ठेवलं. बसवा म्हणावं हे तुमच्या समीकरणात.

आकडेमोड्या
ताई, दंडवत. समीकरणाचं गृहीतकच मोडलंत तुम्ही.

मी_आपला_असाच
ताईंना +१००

दोनआडनावे
जर्मनीत तेच झालंय, फक्त कायद्याने. माझं लग्न जर्मन माणसाशी झालं आहे, त्यामुळे हा विषय पाठ आहे. १९७६ पर्यंत बायकोने नवऱ्याचं आडनाव घेणं सक्तीचं. त्या वर्षी बायकोचं नाव कुटुंबाचं नाव म्हणून निवडायची मुभा आली. एकमत झालं नाही तर मात्र नवऱ्याचंच लागायचं. १९९१ मध्ये घटना न्यायालयाने ती तरतूद रद्द केली आणि मग दोघांनी आपापलं नाव ठेवण्याची वाट मोकळी झाली. मे २०२५ पासून नवरा-बायको दोघांनाही जोडआडनाव घेता येतं आणि मुलांनाही देता येतं. आधी मुलांना तशी मुभाच नव्हती.

नवऱ्याचं आडनावही विरळच आहे, इथे लिहीत नाही. सासरे हौसेने म्हणायचे, अमुक गावाबाहेर आपलं नाव भेटलं तर तो आपला चुलतभाऊच समज. आमच्या मुलीला दोन्ही आडनावं लावायची आमची इच्छा होती तेव्हा कायदा आडवा आला होता. आता ती स्वतःच ठरवेल.

कड्याकपारी
वा, धागा टाकल्याचं सार्थक झालं. इसारकाठची, तुम्ही तिथे आहात तर या भावांची काही खूण शहरात दिसते का?

इसारकाठची
२०१५ मध्ये इसार नदीतल्या प्राटर बेटावरच्या आल्प्स संग्रहालयात त्यांच्या मोहिमेवर मोठं प्रदर्शन होतं. हेरमान आणि अडोल्फ दोघेही हाताने उत्तम चित्रं काढायचे. जलरंगातले हिमालयाचे देखावे पाहून मी बराच वेळ एका जागी उभी होते. कॅमेरा सोबत असूनही माणूस डोंगर असा बघत नाही.

पण पुढच्या दालनातले चेहरे बघवेनात. हिंदुस्थानातल्या जिवंत माणसांच्या चेहऱ्यावर ओलं प्लास्टर थापून त्यांनी साचे घेतले होते. पुढे त्यांच्या धातूतल्या प्रती काढून युरोपातल्या संग्रहालयांना विकल्या. 'वंशांचे नमुने' म्हणून. डोळे मिटलेले, ओठ घट्ट आवळलेले. प्लास्टर सुकेपर्यंत त्या माणसाने श्वास कसा धरला असेल हे त्या ओठांवर दिसतं. इथे एकाच आडनावाच्या घरातला प्रत्येक भाऊ तारखेसकट नोंदलेला, आणि तिथे भिंतीवर कितीतरी चेहरे जातीच्या चिठ्ठीवर भागवलेले.

बखरबहाद्दर
हे लिहिलंत ते बरं झालं. नैनसिंग आणि मानीसिंग यांचं नाव इतिहासात टिकलं ते नंतर सर्व्हेच्या कामामुळे.

अडोल्फचं पुढे काय झालं ते कुणी लिहिलं नाही, म्हणून : १८५७ च्या उन्हाळ्यात तो एकटा कुनलुन ओलांडून काश्गरला (आज चीनमध्ये) पोचला. तिथे वली खानाचं बंड चालू होतं. वली खानाने अडोल्फचा हेर समजून ऑगस्टमध्ये शिरच्छेद केला. वय अठ्ठावीस. त्याचं नेमकं काय झालं ते रशियाच्या सेवेतला कझाक अधिकारी चोकान वलिखानोव व्यापाऱ्याच्या वेषात काश्गरला जाऊन आला तेव्हा कळलं. नंतर रशियनांनीच तिथे स्मारक उभारलं.

आणि आडनावाचाच धागा आहे म्हणून एक शेपूट : हेरमानला कुनलुन ओलांडल्याबद्दल १८६४ साली आडनावापुढे 'झाक्युनल्युन्स्की' जोडून मिळालं. रशियन पद्धतीची पदवी, 'कुनलुनपलीकडचा'. फॉन श्लागिंटवाइट-झाक्युनल्युन्स्की!

तिरपागडा
हे नाव फोनवर कुणाला कळवायचं असेल तर रजा टाकावी लागेल.

दोनआडनावे
हसू नका, इथे रोजचं काम आहे ते. फोनवर नाव सांगताना प्रत्येक अक्षराला शब्द लावतात : ए आंटोनचा, बी बेर्टाचा. नाझींनी त्या यादीतून दावीद, नाथान ही ज्यू नावं काढून टाकली होती. २०२२ मध्ये कार्यालयीन वापरासाठी नवी यादी आली, तीत शहरांची नावं आहेत : ए आखेनचा, बी बर्लिनचा. आमच्या दाताच्या डॉक्टरांकडच्या बाई अजून आंटोनवरच आहेत.

आणि इथे पत्त्यात फ्लॅट नंबर नसतोच. दारावरच्या घंटीच्या पाटीवर आडनाव असतं, पोस्टमन ते वाचून पत्र टाकतो. नवीन भाडेकरू आला की आधी पाटी. माझं माहेरचं आडनाव त्या बोटभर पट्टीवर मावत नव्हतं, तर घरमालकाने विचारलं, मधली काही अक्षरं गाळली तर चालेल का?

बखरबहाद्दर
बघा! आडनावं अशीच बदलतात. मी वर काय म्हणत होतो? घरमालकाच्या जागी सतराव्या शतकातला पाद्री बसवा. सोळाव्या शतकातल्या ट्रेंटच्या धर्मपरिषदेनंतर कॅथलिक चर्चमध्ये बाप्तिस्मा-लग्नाच्या वह्या सुरू झाल्या आणि ज्याच्या कानाला जे ऐकू आलं ते कागदावर गेलं. १८७६ मध्ये साऱ्या जर्मन साम्राज्यात सरकारी नोंदणी कचेऱ्या आल्या, तेव्हा कुठे स्पेलिंग गोठलं.

इसारकाठची
म्हणजे तुमची लांबवरची तोड अजून उभी आहे!

बखरबहाद्दर
उभी आहे. पण खरं सांगायचं तर '-अर' नसल्याचा तुमचा मुद्दा मला खोडता आलेला नाही. श्लागिनहाउफेनपेक्षा तो जड आहे.

आकडेमोड्या
व्युत्पत्ती कुणाचीही जिंको, गणित आधी पुरं करतो. वर दिलेल्या उदाहरणातले आकडे लावले तर एका माणसाचं नाव बुडण्याची शक्यता निम्मी, म्हणून पाच भावांचं एकदम बुडण्याची बत्तिसात एक. अडोल्फ काश्गरला गेला, एडुआर्ड किसिंगनला. उरलेल्या तिघांवर मोजलं तर आठात एक. प्रसिद्धीचा यात काडीचा हात नाही, मुलगे किती झाले तेवढंच मोजलं जातं. कड्याकपारी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर नाव बुडालेलं नाही. विसाव्या शतकात म्युनिकला फेलिक्स श्लागिंटवाइट नावाचे मूत्रविकारतज्ज्ञ होते. राइनहार्ड श्लागिंटवाइट हे जर्मन मुत्सद्दी, पुढे युनिसेफच्या जर्मन समितीचे अध्यक्ष होते.

कड्याकपारी
मिळालं उत्तर, आभार. आल्प्समधल्या एका वनस्पतीच्या प्रजातीगटालाही 'श्लागिंटवाइटिया' नाव आहे, १८५३ चं, म्हणजे हिंदुस्थानात यायच्या आधीचं. आल्प्सच्या भूगोलावरच्या कामामुळे मिळालं असावं. पिवळी फुलं, आपल्या सोनकीसारखी दिसतात.

तिरपागडा
तिला मुलगे झाले नाहीत तरी चालेल.

सरोजताई
पोटदुखे आडनावावर कुणी बोलणार आहे का, की मी वेगळा धागा काढू?

पाटीवाला
काढा. इथे जागा भरली.